पेला आणि पार

लंडनच्या साउथवर्क भागात 'जॉर्ज इन' ही जुनी पथिकशाळा आहे. १६७६ च्या आगीनंतर पुढच्याच वर्षी ती पुन्हा उभारली गेली. घोडागाड्यांच्या काळातील, लाकडी सज्जांची अशी एवढीच पथिकशाळा त्या महानगरात उरली आहे. १९३७ साली रेल्वे कंपनीने ती 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेच्या स्वाधीन केली. तिथे आजही बिअर मिळते. पिंपातच मुरणारी, बाहेरून वायू न भरलेली पारंपरिक बिअर कारखानदारीच्या रेट्यात मागे पडू लागली, तेव्हा १९७१ साली ग्राहकांनीच चळवळ करून ती वाचविली. पुढे २०११ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये गावच्या पबची समाजोपयोगी स्थळ म्हणून नोंद होऊ लागली. असा पब विक्रीस निघाल्यास बोली लावण्यासाठी गावकऱ्यांना मुदत मागता येते.

परभणीच्या वाचकास या कौतुकाचे नवल वाटेल, आणि ते साहजिकच आहे. निजामी राजवटीत आबकारी हे खजिना भरण्याचे एक मोठे साधन होते. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडली; तो घाव राजसत्तेच्या उत्पन्नावर होता. शिवाय दारूपायी उद्ध्वस्त झालेले संसार येथे कोणाला दाखवावे लागत नाहीत. तेव्हा इंग्रजांचा पेला उचलण्याचे आपल्याला मुळीच कारण नाही.

त्यांचा एक गुण मात्र घेण्याजोगा आहे. चार माणसांनी घटकाभर बसून बोलावे, ही समाजाची गरज त्यांनी ओळखली आणि त्या जागेला कायद्याचे संरक्षण दिले. आपल्याकडे हे काम गावचा पार, चावडी आणि वाचनालय करीत आले. परंतु रस्ता रुंद करावयाचा झाला की पारावर प्रथम कुदळ पडते आणि कोणी हरकतही घेत नाही. १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना आधार दिला. पाराला तसा वाली नाही.

महानगरपालिकेने व ग्रामपंचायतींनी अशा जागांची यादी करावी आणि लोकांचे म्हणणे ऐकल्यावाचून त्यांपैकी एकही हलवू नये. पारावर आजवर पुरुषच बसत आले. यापुढे स्त्रियांनाही तेथे निःसंकोच बसता आले पाहिजे. बसावयास जागाच उरली नाही, तर संध्याकाळी तरुणांची पावले गुत्त्याकडे वळतील, आणि त्याचा दोष केवळ तरुणांच्या माथी मारता येणार नाही.