कडेवरची रायफल

"ताई, आम्हाला बंदूक शिकवा की."

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या रविवारच्या बैठकीत पॅकिंगचं काम करणारी एक मुलगी हे म्हणाली आणि सगळ्याजणी हसल्या. मला हसू आलं नाही. त्या आठवड्यात काय घडलं होतं ते मला माहीत होतं. पाळी सुटल्यावर कंपनीच्या गेटपासून पुणे रस्त्यापर्यंत तिला अंधारातून चालत यावं लागतं. त्या वाटेवर दोघं मोटारसायकलवरून तिच्या मागे मागे आले होते. कंपनीकडे बसची मागणी आम्ही दोनदा लेखी दिली होती. उत्तर आलं नव्हतं.

कार्यकर्तीच्या सवयीने मी म्हटलं, "बंदुकीने प्रश्न सुटत नाहीत गं." ती गप्प बसली. घरी जाताना मात्र मलाच वाटत राहिलं, की बंदूक म्हणजे काय हे तरी मला कुठे ठाऊक आहे? लहानपणी दिवाळीत टिकल्यांची बंदूक यायची ती भावासाठी. माझ्या वाट्याला फुलबाज्या. सदतिसाव्या वर्षापर्यंत मी कुठलीच बंदूक हातात धरलेली नव्हती. ओळखीतून एका प्रशिक्षकांशी बोलले आणि एका रविवारी आम्ही पाचजणी त्यांच्या एअर रायफलच्या रेंजवर गेलो.

तिथे पहिला तास कुणी रायफलला हात लावू दिला नाही. आधी नियम. प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असं समजायचं. नळीचं तोंड सदैव लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. सगळ्यांनी रायफली खाली ठेवल्याशिवाय कुणी पुढे पाऊल टाकायचं नाही. छर्रे शिशाचे असतात, म्हणून नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. साडेचार मिलिमीटरचा एवढासा छर्रा, पण डोळा घालवू शकतो.

मग रायफल आली, तीही टेबलावर टेकवून. दहा मीटरवर कागदी लक्ष्य. त्यातलं काळं वर्तुळ दहा रुपयांच्या नाण्याहून जरा मोठं, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. दिसतसुद्धा नाही! प्रशिक्षक म्हणाले, "दहाचा विचार सोडा. पाच छर्रे एकमेकांजवळ पडले की झालं." छिद्रं एका जागी जमायला लागली, की ती मधे आणायला मागची दर्शनी फिरवता येते. आधी सातत्य, मग दुरुस्ती. संघटनेच्या कामातही हेच असतं, नाही का?

खरी गंमत उभं राहण्यात होती. रायफल चार-पाच किलोची. दंडाच्या जोरावर उचलायला गेलं की मिनिटभरात हात थरथरतो. म्हणून लक्ष्याकडे बाजू करून उभं राहायचं, डावी कंबर पुढे काढायची, डावं कोपर त्या हाडावर टेकवायचं आणि सगळं वजन हाडांवरून खाली पायांत सोडायचं. आमच्यातल्या एकीला हे काही केल्या जमेना. मग दुसरी म्हणाली, "अगं, पोरगं कडेवर घेतल्यासारखं उभी राहा की!" झालं. पाचहीजणी एका क्षणात बरोबर उभ्या राहिल्या. घागर नि मूल वाहून वाहून जी कंबर दुखते म्हणून आपण रडतो, तीच कंबर इथे शहाणी ठरली.

त्यानंतर गाल रायफलीला लावायचा, मागच्या बारीक भोकातून पुढची कडी आणि कडीत काळं वर्तुळ पाहायचं, श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि चाप हळूहळू दाबत न्यायचा. छर्रा सुटल्यावरही क्षणभर हलायचं नाही. सात-आठ सेकंदांत जमलं नाही तर न झाडता रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायची. आम्हाला हेच सगळ्यात कठीण गेलं. ज्या मुलीने बंदूक मागितली होती ती तर प्रत्येक वेळी घाईने चाप ओढायची. नंतर म्हणाली, "कंपनीत टार्गेट म्हणजे तासाला किती खोकी. इथलं टार्गेट नुसतं थांबून राहतंय, ताई." स्पर्धेत ६० नेमांना ७५ मिनिटं मिळतात. थांबायला, नको वाटलं तर खाली ठेवायला वेळ मिळतो. पाळी, चूल आणि पोरं यांच्यामध्ये असा वेळ तिला कोण देतं?

मैत्रिणींनो, इथे मला एक गोष्ट स्वच्छ सांगायची आहे. एअर रायफल म्हणजे स्वसंरक्षण नव्हे. ती एका वेळी एक छर्रा घेते, कागदाला भोक पाडण्यासाठी बनवलेली आहे आणि अंधाऱ्या रस्त्यावर ती खांद्याला लावून कुणी फिरत नाही. "मुलींच्या हाती बंदूक द्या" अशा घोषणा ऐकल्या की मला भीती वाटते. रस्ता सुरक्षित करण्याची जबाबदारी कंपनीवर आणि शासनावरून उचलून हळूच त्या मुलीच्याच खांद्यावर टाकली जाते.

पण म्हणून नेमबाजी आपली नाही असंही मी म्हणणार नाही. ती खेळ म्हणून आपली आहे, आणि खेळाचा हक्क संरक्षणाच्या सबबीवर मागायची गरज नाही. पुरुष क्रिकेट खेळतात ते काय चोर पकडायला?

या खेळात बायकांना जागा सहज मिळालेली नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक यांनी पुरुषांबरोबर खेळून रायफलमध्ये रौप्यपदक घेतलं. १९९२ साली बार्सिलोनात चीनच्या झांग शान यांनी उडत्या तबकड्यांच्या स्कीट प्रकारात पुरुषांना हरवून सुवर्ण जिंकलं. पुढच्या १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये त्या प्रकारात बायकांना प्रवेशच नव्हता. १९८४ पासून बायकांची एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आहे, पण पुरुषांना ६० नेम आणि बायकांना ४०. रायफल तीच, अंतर तेच, तरी वीस नेम कमी! हा फरक मिटायला २०१८ साल उजाडलं.

आपल्याकडच्या मुलींनीही वाट पाडली आहे. एनसीसीतून आलेल्या मुंबईच्या अंजली वेदपाठक-भागवत २००० साली सिडनीत एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. नेमबाजीतल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री जगज्जेत्या. उत्तर प्रदेशातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर तर साठी उलटल्यावर, नातीला रेंजवर सोडायला गेल्या आणि स्वतःच पिस्तूल शिकल्या. घरच्या पुरुषांपासून लपवून त्या पाण्याचा जग हातात धरून सराव करत.

चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतात, शस्त्राचं वेड आपण का वाढवायचं? त्यांची काळजी खरी आहे. मुलींच्या हाती रायफल देताना शेजाऱ्याकडे शत्रू म्हणून बोट दाखवणारी शिबिरंही असतात. तिथे आपण जायचं नाही. पण रेंजवरच्या कागदाला चेहरा नसतो, जात नसते, धर्म नसतो. तिथे फक्त आपला श्वास आणि आपली घाई.

खरा अडसर पैशाचा आहे. स्पर्धेची परदेशी रायफल लाखांत जाते, जाड जाकिटाचा खर्च वेगळा. म्हणून एकेकीने नव्हे, गटाने मागितलं पाहिजे. नवशिकीला सरावाची साधी रायफल पुरते आणि ती दहाजणींत एक चालते. साडेचार मिलिमीटरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या रायफलला परवाना लागत नाही. जागा लागते ती दहा मीटरची, मागे भक्कम भिंत आणि शिकलेला प्रशिक्षक. २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाची यादी आहे, तिच्या सातव्या अनुसूचीत ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याच पैशातून औद्योगिक वसाहतींमध्ये कामगार स्त्रियांसाठी एक खोली का होऊ नये? वाटलं तर नेमबाजी सोडा, कॅरम मागा, कबड्डी मागा. पण मागा.

आम्ही रेंजवर तीनदाच जाऊ शकलो. नंतर रविवारचा ओव्हरटाइम लागला. त्या मुलीने आपला कागद घडी घालून जपून ठेवलाय. तिसऱ्या दिवशी तिची पाच छिद्रं एका बोटाखाली झाकली जात होती.

पुढच्या बैठकीत वहीत मागण्या लिहायला बसलो. कुणीतरी म्हणालं, बस आणि खेळाची खोली एकाच ओळीत लिहू. तीच मुलगी म्हणाली, "नको ताई. एक दिली की दुसरी दिली म्हणतील."

म्हणून आम्ही दोन वेगळे अर्ज केले आहेत.