हायड्रोजन हरित, पण मालकी कोणाची?

कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांची राख वर्षानुवर्षे अंगावर झेलणाऱ्या नागपूर परिसरातील माणसाला ‘स्वच्छ इंधन’ हे शब्द ऐकून बरे वाटले, तर त्यात नवल नाही. नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी मार्च २०२२ मध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीतून संसदेत गेले, त्याचे कौतुक येथेही झाले. पुढे ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाची क्षमता उभारणे हे त्याचे उद्दिष्ट. खतांसाठी आणि तेलशुद्धीकरणासाठी लागणारा हायड्रोजन आज बहुतांशी नैसर्गिक वायूपासून काढला जातो आणि त्या वायूचा मोठा भाग परदेशातून येतो. हे परावलंबन संपावे, यास कोणताही समाजवादी विरोध करणार नाही. आमचा वाद उद्दिष्टाशी नाही, हिशेबाशी आहे.

अभियानाची तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. त्यातील १७,४९० कोटी उत्पादकांना प्रोत्साहन म्हणून वाटावयाचे आहेत. संशोधनाच्या वाट्याला आले अवघे ४०० कोटी. प्रोत्साहनाच्या पहिल्या फेरीतच रिलायन्स, अदानी, जिंदाल ही नावे झळकली. राज्य शासनानेही जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटींचे स्वतंत्र धोरण मंजूर करून वीज पारेषण आकारात दहा वर्षे निम्मी सूट देऊ केली. या सुटीचा बोजा अखेर कोणाच्या वीजबिलात उतरणार, हे कोणी सांगत नाही. जोखीम जनतेच्या तिजोरीने उचलावी आणि नफा भागधारकांनी न्यावा, असा हा व्यवहार आहे.

सार्वजनिक क्षेत्राला असले आधुनिक उद्योग पेलत नाहीत, असे यावर सांगितले जाते. सांगणाऱ्यांनी पंजाबातील नांगलचा इतिहास वाचावा. भाक्रा धरणाच्या जलविद्युतेवर पाण्याचे विद्युत अपघटन करून हायड्रोजन मिळवायचा आणि त्यापासून खत बनवायचे, हे काम तेथील सरकारी कारखान्यात १९६१ पासून सुरू झाले होते. ‘हरित’ हे विशेषण तेव्हा कोणाला सुचले नव्हते, इतकेच! पुढे विजेची मागणी वाढली, भाक्राची वीज अपुरी पडू लागली आणि तो मार्ग सोडावा लागला. म्हणजे अडचण मालकीची नव्हती, विजेची होती. आणि ती आजही संपलेली नाही.

एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे ५० युनिट वीज लागते. ही वीज कोळशाची असेल तर किलोमागे ४५ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नैसर्गिक वायूच्या जुन्या पद्धतीत तो सुमारे १० किलो असतो. शासनाने ‘हरित’ म्हणण्याची मर्यादा २ किलो ठरविली खरी, पण ती बारा महिन्यांच्या सरासरीने मोजावयाची. शिवाय २०२२ च्या केंद्रीय धोरणाने सौरवीज ग्रिडमध्ये ‘जमा’ ठेवून तीस दिवसांत परत घेण्याची मुभा दिली आहे. दिवसा सूर्याची वीज जमा करावी, रात्री कोळशाची उचलावी आणि वहीत दोन्ही बाजू जुळवाव्यात. दिवसा तेवढा कोळसा वाचला, असा बचाव यावर होईल. परंतु कोराडीची भट्टी सकाळी विझवून संध्याकाळी पेटविता येत नाही. ती दिवसाही मंद जळतच राहते, आणि तिची राख आपल्याच शेतांत पडते.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. कोराडीच्या १,३२० मेगावॉटच्या विस्तारासाठी २९ मे २०२३ रोजी जनसुनावणी झाली. ती कशी झाली याविषयी तक्रारी पुष्कळ आहेत, तरी गावकऱ्याला उभे राहून विचारता तरी आले. त्यानंतर दोनच महिन्यांनी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने हरित हायड्रोजन व हरित अमोनियाच्या प्रकल्पांना पूर्व पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. मंजुरीच नको, म्हणजे सुनावणीही नको. वर्षाला एक लाख टन हायड्रोजन काढणाऱ्या कारखान्याला केवळ अपघटनासाठी रोज सुमारे २५ लाख लिटर शुद्ध पाणी लागेल. शुद्धीकरणातील घट आणि यंत्रे थंड ठेवण्याचे पाणी वेगळेच. देशाच्या हिशेबात हा आकडा किरकोळ असेल. पेंचच्या पाण्यासाठी शेतकरी, शहर आणि वीज केंद्र यांची ओढाताण पाहणाऱ्या विदर्भात तो किरकोळ नाही.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. सूट असो वा नसो, प्रत्येक प्रकल्पाची जनसुनावणी झाली पाहिजे. ज्या कंपनीला सार्वजनिक पैसा मिळतो, तिच्यात सार्वजनिक भागभांडवल असले पाहिजे. पहिले उत्पादन निर्यातीला नव्हे, देशातील खत कारखान्यांना मिळाले पाहिजे. भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या केंद्राला पुरविले जातेच. त्याच धर्तीवर प्रक्रिया केलेले सांडपाणी आणि स्वतःची सौरवीज वापरून महानिर्मितीनेच नागपुरात पहिला कारखाना काढावा, आणि त्यात आज कोळसा व राख उपसणाऱ्या कंत्राटी कामगारांना प्रशिक्षण देऊन कायम नोकरीवर घ्यावे. हिवाळी अधिवेशनावर निघणाऱ्या आपल्या मोर्चाच्या निवेदनात ही शेवटची मागणी सर्वांत वर असावी. कोराडी व खापरखेड्याच्या साथींनी तिचा मसुदा आतापासूनच कामगारांत फिरवून घ्यावा.