सोन्याचा पाळणा आणि बांधावरची झोळी

'जालना सोने का पालना' ही म्हण कुंडलिकेच्या तीरावरील या नगरीच्या वैभवाचे वर्णन म्हणून पिढ्यानपिढ्या सांगितली जात आहे. येथील कापसाचा व्यापार, संकरित बियाण्यांचा धंदा, लोखंडी सळयांचे कारखाने आणि भोवतालचे मोसंबीचे मळे पाहिले, म्हणजे ही म्हण अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. परंतु पाळणा कोणत्या धातूचा आहे यापेक्षा त्यात कोणाचे मूल निजते, आणि ते पोटभर दूध पिऊन निजते की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. मंठा, परतूर किंवा घनसावंगीच्या रानात बाभळीच्या फांदीस जुन्या लुगड्याची झोळी बांधून जी माता दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबते, तिचे मूल या सोन्याच्या पाळण्यातील मुलांत गणले जाते काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा आठवडा स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. व्याख्याने होतात, भित्तिपत्रके लागतात आणि आईचे दूध हे अमृत आहे असे मातांस पुन्हा एकदा सांगण्यात येते. हा उपदेश खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. तो चुकीच्या पक्षकारास केला जातो, एवढेच आमचे म्हणणे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. या देशात शंभरांतील सुमारे ८९ प्रसूती दवाखान्यात होतात; परंतु जन्मल्यापासून तासाभराच्या आत आईचे दूध मिळालेली मुले शंभरांत अवघी ४२ आढळली. ती स्त्री त्या पहिल्या तासात कोठे असते? बहुधा दवाखान्यातच, आणि दवाखान्याच्याच ताब्यात. मूल तिच्या छातीशी ठेवावयाचे की दूर न्यावयाचे, हे त्या वेळी ती ठरवीत नाही. मग या उणिवेचा आरोप तिच्यावर ठेवणे कोणत्या न्यायास धरून आहे?

आमच्या शेतकऱ्यास या विषयाचे मूलतत्त्व नव्याने शिकविण्याची गरज नाही. गाय व्याली म्हणजे पहिला चीक वासरास मिळालाच पाहिजे, नाही तर ते जोम धरीत नाही, हे तो जाणतो. उरलेल्या चिकाचा खरवस करून शेजारी वाटतो. आणि त्याच घरात सून बाळंत झाली की तिचे पहिले घट्ट पिवळसर दूध 'खराब' म्हणून पिळून टाकले जाते व बाळाच्या तोंडी मध किंवा गुटी घातली जाते! वासरास जे रक्षण आपण नाकारीत नाही, ते पोटच्या नातवंडास नाकारणे हे अज्ञान खरे; पण ते दूर होण्याजोगे अज्ञान आहे. त्या पहिल्या दुधात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात, आणि मधातून क्वचित असे विष जाऊ शकते की एक वर्षाच्या आतील मुलाच्या जिवावर बेतावे, एवढे आजीबाईस आदराने व सविस्तर सांगितले तर ती ऐकणार नाही असे आम्हांस वाटत नाही.

तीच गोष्ट पान्ह्याची. वासरू दूर नेले किंवा गाय बुजली की ती पान्हा चोरते, हे गुराख्याचे पोरही सांगेल. स्त्रीच्या देहाचा नियम याहून फारसा निराळा नाही. मूल जितके ओढते तितके दूध अधिक तयार होते. दूध अंगातच साठून राहिले की देह ते करणे कमी करतो. भीती, थकवा आणि चिंता यांनी पान्हा अडतो. तान्हे मूल दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा पिते. आई आठ तास दृष्टीआड गेली की त्यांतील तीन-चार वेळा बुडाल्या. आणि काही दिवस असे झाले की 'हिला दूधच पुरत नाही' असे घरचे म्हणू लागतात व वरच्या दुधाची बाटली येते. ज्यास आपण दुधाची कमतरता म्हणतो, तो पुष्कळ वेळा अंतराचा परिणाम असतो.

ही बाटली आमच्या जिल्ह्यात विशेष घातक आहे. २०१२-१३ च्या अवर्षणात जालन्याने टँकरच्या पाण्यावर दिवस काढले, हे कोण विसरेल? ज्या घरी पिण्याच्या पाण्याची शाश्वती नाही, तेथे बाटली उकळून निर्मळ ठेवावयाची कोणी आणि कशी? उलट आईच्या दुधात शंभरांत सुमारे ८७ भाग पाणीच असते, म्हणून वैशाखातील उन्हातही पहिले सहा महिने मुलास वेगळे पाणी पाजण्याचे कारण पडत नाही. पावडरच्या दुधाची जाहिरात १९९२ च्या कायद्याने बंद केली हे उत्तम झाले. परंतु जाहिरात बंद झाली म्हणून बाटलीची गरज उत्पन्न करणारी परिस्थिती बंद झाली नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या मातेस आजारामुळे किंवा अन्य कारणामुळे खरोखरच पाजता येत नाही, तिला दोष देण्याचा कोणासही अधिकार नाही. तिच्यासाठी वैद्याचा सल्ला आहे, आणि मुंबईच्या शीव येथील रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभारली तशी दुग्धपेढीही आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. माता आणि मूल यांच्यामध्ये हे अंतर कोण पाडते? आमच्या भागातील बियाण्याच्या प्लॉटवर संकरित कापसाचे काम कसे चालते ते पाहा. आदल्या दिवशी मादी-वाणाच्या कळीतील पुंकेसर हलक्या हाताने काढावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, फूल परागासाठी तयार असेल त्याच वेळात, त्यावर नर-वाणाचा पराग लावावयाचा. वेळ हुकली की बी धरत नाही. म्हणून मजूर बायांस ती वेळ गाठावीच लागते. फुलाची वेळ सांभाळणाऱ्या त्या बाईच्या मुलाच्या भुकेची वेळ मात्र कोणाच्याच हिशेबात नसते! ऊसतोडीची गोष्ट याहून कठीण. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि उचल दोघांच्या नावावर फिरते. त्यामुळे बाळंतीण बसून राहिली तर अर्धा कोयताच बसला, असा हिशेब मुकादम करतो. प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांत आशा कार्यकर्तीने सहा वेळा घरी येऊन माता व मूल पाहावे अशी सरकारी योजना आहे; पण घर सोडून फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्या बाळंतिणीच्या दारी या सहा भेटी पोहोचवावयाच्या कोणी? गावच्या आशाताईस तिचा ठावठिकाणा नाही, आणि कारखान्याच्या गावास ती परकी.

अशा स्थितीत या स्त्रियांनी मूल जगविण्याची जी एक विद्या राखली आहे, ती म्हणजे मूल अंगाशी बांधून नेण्याची. तांड्यावरील बंजारा बाई मूल ओढणीने अंगाशी बांधते. कुणबी बाई ते कडेवर घेते, बांधावर झोळी टांगते. सुशिक्षितांस हे दारिद्र्याचे लक्षण वाटते. परंतु १९७८-७९ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहरी, अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा तेथील डॉक्टरांनी ती मुले मातांच्या उघड्या छातीशी बांधण्यास आरंभ केला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारत व आफ्रिकेतील चार देशांतील रुग्णालयांत झालेल्या परीक्षेत असे दिसून आले की, एक किलोपासून सुमारे एक किलो आठशे ग्रॅमपर्यंत वजनाची मुले जन्मताच अशी अंगाशी ठेवली, तर त्यांच्यातील मृत्यू एक चतुर्थांशाने घटतात. आमच्या आज्यापणज्यांच्या ओच्यापदरातील ही विद्या परदेशाचा शिक्का घेऊन परत आली, आता तरी तिची लाज वाटू नये!

मात्र विद्या म्हटली की तिचे नियमही आले. मूल बांधताना त्याचे तोंड आईस सतत दिसावे, नाकावर कापड येऊ नये, हनुवटी छातीस टेकून श्वास कोंडू नये. मांड्या फाकलेल्या व गुडघे ढुंगणाहून थोडे वर असावेत, म्हणजे खुब्याचा सांधा नीट बसतो. चूल, मळणीयंत्र किंवा कोयता यांच्याजवळ मूल अंगावर असता कामा नये; तेथे ते दुसऱ्याच्या अंगावर असावे. हा दुसरा कोण, असे विचाराल तर त्याचा बाप! मुलास पाजणे एकट्या आईस साधते. पण त्यास उचलणे, अंगाशी बांधणे, निजविणे यांस पुरुषाची छाती असमर्थ आहे असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? आणि कामास जावेच लागले, तर दूध स्वच्छ वाटीत पिळून, झाकून, सावलीत ठेवून वाटीचमच्याने किंवा जुन्या बोंडल्याने पाजता येते. मात्र साध्या हवेत ते चार तासांहून अधिक ठेवू नये, आणि उन्हाळ्यात त्याहूनही लवकर संपवावे.

एवढे मातेने व घराने करावयाचे. राष्ट्राने काय करावयाचे? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिविषयक विधेयकाची बाजू मांडताना डॉ. आंबेडकरांनी सांगितले की, मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिचा भार मुख्यतः सरकारने सोसला पाहिजे. १९२९ साली तो कायदा मुंबई इलाख्यातील गिरण्या-कारखान्यांपुरता झाला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पुढे स्वराज्यात १९६१ चा कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची भरपगारी रजा आणि पन्नास कामगारांच्या ठिकाणी पाळणाघर मिळाले, आणि याच तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्याही तीत आहेत. उत्तम! पण जिचा मालक रोज बदलतो, जिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, तिने ही सुट्टी कोणाकडे मागावयाची? तिच्या वाट्यास येतात ते पहिल्या अपत्याच्या वेळचे पाच हजार रुपये. सहा महिन्यांवर वाटले तर दिवसाला अठ्ठावीस रुपयेही पडत नाहीत! एवढ्या रकमेवर कोणती मजूर बाई घरी बसेल? केंद्र सरकारच्या पाळणाघर योजनेचे नाव योगायोगाने 'पालना' असेच आहे. पण तीत मूल घेतात ते सहा महिने पुरे झाल्यावर. म्हणजे ज्या सहा महिन्यांत मुलाने आईच्या दुधावाचून दुसरे काही घेऊ नये असा उपदेश होतो, नेमके तेच सहा महिने वाऱ्यावर सोडलेले आहेत.

काही लोक म्हणतील, शेतमालकावर हा बोजा कसा टाकावा? आम्ही म्हणतो, एकट्या शेतकऱ्यावर टाकू नका. तो स्वतःच कर्जात आहे. ज्या कंपन्या त्याच्याकडून बी घेतात व जे कारखाने ऊस घेतात, त्यांनी पोत्यामागे व टनामागे अल्प रक्कम बाजूस काढावी, सरकारने तीत भर घालावी, आणि तीतून बाळंतिणीस सहा महिन्यांची निम्मी तरी मजुरी द्यावी. दुसरे म्हणतील, रानात पाळणाघर कसे चालेल? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर पाच लहान मुले आली की त्यांतीलच एका मजूर बाईस मुले सांभाळण्यास नेमावे, असे लिहिले होते. तेव्हा कल्पना नवीन नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तर १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडास मुलांच्या अंगणात बालवाडी नेली आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरविली. कुरणात शाळा भरते, तर फडावर पाळणा का टांगता येऊ नये? टोळी निघते तेव्हा तिच्यातील गरोदर व ओल्या बाळंतिणींची यादी पंचायतीने कारखान्याच्या गावी पाठवावी, म्हणजे तेथील आशाताई कोपीपर्यंत जाईल. यास कागद व इच्छा यांखेरीज काय लागते?

एस. टी. च्या स्थानकांवर मातांसाठी 'हिरकणी कक्ष' केले, त्यास नाव फार समर्पक दिले आहे. रायगडाचे दरवाजे नियमाप्रमाणे मिटले आणि तान्ह्या मुलासाठी ती गवळण रात्री कडा उतरून गेली, ही आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो. परंतु तीच आख्यायिका पुढे असे सांगते की, महाराजांनी तिला नियमभंगाचा दंड केला नाही. तिचा गौरव केला व त्या कड्यावर बुरूज बांधला. जो नियम मातेस कड्यावरून उतरावयास लावतो, त्यात काही उणे आहे हे त्या राजाने ओळखले. आमच्या जिल्ह्यातील हिरकणी रोज असा कडा उतरत आहेत. त्यांस उपदेशाचे आणखी एक भित्तिपत्रक नको आहे. त्यांच्यासाठी दरवाजा उघडा. तो उघडला, की सोन्याच्या पाळण्याची ती म्हण आम्हीही निःशंकपणे उच्चारू.