गोंदियाहून हेगला फिरायला जायचंय? आधी पहिल्या व्हिसाचं गणित समजून घ्या

नेदरलँड्समधलं हेग आपल्याला माहीत आहे ते आंतरराष्ट्रीय न्यायालयामुळे. कुलभूषण जाधव प्रकरणाचा निकाल १७ जुलै २०१९ला तिथेच लागला. पण हे शहर समुद्रकाठचं आहे. न्यायालयाच्या पीस पॅलेसपासून स्खेवेनिंगनच्या किनाऱ्यावर थेट ट्रामने जाता येतं.

खर्च किती?
शेंगेन व्हिसाची फी ११ जून २०२४पासून ८०वरून ९० युरो झाली. ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ती ४५ युरो आहे. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. शिवाय किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतो.

गोंदियाकरांची अडचण काय?
पहिल्या अर्जाला बोटांचे ठसे प्रत्यक्ष जाऊन द्यावे लागतात. त्यासाठी मुंबई गाठायची तर विदर्भ एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास. म्हणजे फीच्या आधीच तिकीट, मुक्काम आणि बुडालेली रजा.

नियम सोपे झाले ना?
झाले, पण सगळ्यांसाठी नाही. एप्रिल २०२४च्या बदलानुसार, मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमानुसार वापरणाऱ्या भारतीयांना दोन वर्षांचा, पुढे पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. थोडक्यात, सवलत आधीच युरोप फिरलेल्यांना. पहिल्यांदा निघणाऱ्याच्या वाट्याला सगळा खर्च आणि सगळी जोखीम.

मग काय करायचं?
अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या १५ दिवसांवर ढकलू नका. आणि व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारं विमान तिकीट काढू नका.