ऊसतोडणीवाले उपरे कसे?

दिवाळी सरते आणि बीड, आष्टी, पाथर्डीकडची ऊसतोडणी मजुरांची बिऱ्हाडे निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या वाटेला लागतात. बायको, लेकरे, चूल, कोंबड्या आणि कोयते, सारा संसार एका ट्रॅक्टरवर! माळावर कोप्या उभ्या राहतात, आणि लगेच गावच्या पारावर कुजबुज सुरू होते : हे उपरे आले, आता गावच्या मजुराच्या पोटावर पाय येणार, चोऱ्यामाऱ्या वाढणार! ही कुजबुज अन्यायाची आहे, आणि सीमाभागातील मराठी माणसाच्या तोंडी तर ती मुळीच शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब पाहू. वेळेवर तोड न मिळालेल्या उसाला तुरा येतो, वजन घटते. तोडलेला ऊस ताजा असतानाच गाळला नाही, तर साखरेचा उतारा पडतो. दूधगंगा-वेदगंगेच्या काठचा सारा ऊस एकट्या गावच्या मजुरांच्या बळावर हंगामात तुटेल, असे छातीवर हात ठेवून कोणता बागायतदार सांगेल? ज्या पैशावर आमच्या पेठा आणि पतपेढ्या चालतात, त्या पैशाची पहिली मोळी बीडच्या बाईच्या डोक्यावरून गाडीत चढते.

पण बाहेरच्या मजुरामुळे मजुरी पडते, त्याचे काय? हा प्रश्न साऱ्या जगात विचारला गेला आहे. 1980 साली क्यूबातून सुमारे सव्वा लाख माणसे अमेरिकेत उतरली आणि मायामी शहरातील श्रमिकांची संख्या काही महिन्यांत सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञाला 1990 सालच्या अभ्यासात स्थानिक अकुशल मजुरांच्या वेतनावर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी तो निष्कर्ष अमान्य केला आणि सर्वांत कमी शिकलेल्यांची मजुरी घसरली, असे प्रतिपादन केले. पंडितांचा तो वाद पंडितांनी मिटवावा. आमच्या शिवारात मजुरी कशाने दबते, हे मात्र उघड्या डोळ्यांना दिसते.

ती दबते उचलीने! हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. आजारपणाचा दिवस खाडा म्हणून कापला जातो. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही गहाण पडतो. या खाड्याच्या धाकाची झळ कुठवर पोहोचते? 2019 साली महाराष्ट्र शासनाच्या समितीपुढे आलेल्या आकड्यांत बीड जिल्ह्यातील 82 हजारांवर ऊसतोडणी स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. असा बांधलेला मजूर भाव करू शकत नाही, आणि त्याला करता येत नाही म्हणून त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या गावच्या मजुरालाही करता येत नाही.

निपाणीला हे नव्याने सांगावयास नको. 1981 साली येथील तंबाखू शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला, गोळीबारात रक्त सांडले. त्या तंबाखूचा भाव परमुलखातल्या मजुराने पाडला होता काय? भाव ठरविणारे खरेदीदार होते!

यजमान गावाची गाऱ्हाणी खोटी आहेत, असे आम्ही म्हणत नाही. शेतकऱ्याकडून खुशाली उकळली जाते. उचल घेऊन मुकादम पसार होतो आणि वाहनमालक बुडतो. माळावर नळ नाही, संडास नाही, म्हणून गावाच्या पाण्यावर आणि आरोग्यावर ताण पडतो. पण यातील कोणता रोग मजुराला हिणवल्याने बरा होणार आहे? परराज्यातील मजुरांस समान वेतन, निवारा आणि औषधोपचार देण्याचा कायदा 1979 साली झाला आणि 2020 च्या श्रमसंहितेत तो समाविष्ट झाला. ज्याच्या पदरात नफा पडतो, त्याने निवाऱ्याचा खर्च सोसावा, ही मागणी गावाने आणि मजुराने मिळून करावयाची आहे.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. बेळगाव-खानापूरची माणसे पोटासाठी गोव्यात उतरतात, तेव्हा त्यांना 'घाटी' म्हणून हिणवले जाते. तो शब्द आमच्या काळजाला लागतो. आणि येथे? पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राहिलेल्या मराठी माणसाने 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपले घर सोडले नाही, सरहद्दच त्याच्या दारावरून गेली. तरीही 'तुम्ही बाहेरचे' हे त्याला ऐकावे लागते. ज्याने हे दोन्ही घाव सोसले, त्याने तिसऱ्यावर तोच घाव घालावा?

आमच्या मराठी शाळांत पटसंख्या घटली म्हणून आपण दरवर्षी हळहळतो. त्याच वेळी शाळेपासून हाकेच्या अंतरावर, उसाच्या फडाच्या कडेला मराठी बोलणारी पोरे पाच-पाच महिने पाटीवाचून उन्हात बसलेली असतात! 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्यावरही प्रवेश नाकारता येत नाही. मग अडले कुठे? शाळा सुधारणा समित्यांनी या हंगामात कोप्यांवर जावे, नावे लिहून घ्यावीत, पोरे वर्गात आणून बसवावीत. मराठीच्या रक्षणाचे एवढे सोपे काम दाराशी आलेले असता आपण ते उपऱ्यांचे म्हणून टाळणार असू, तर आमच्या न्यायाच्या मागणीला दिल्लीत तरी कोणत्या तोंडाने कान मागावेत?