‘मजा पडली’ हे परीक्षण नव्हे

आपण इथे वाड्यांवर लिहितो, गणपतीवर लिहितो, आजीच्या हातच्या पुरणपोळीवर तर दर महिन्याला कोणी ना कोणी लिहितंच. आज मी व्हिडिओ गेमवर लिहिणार आहे, आणि तेही गेमच्या परीक्षणांवर. “हा काय विषय झाला?” म्हणून पुढे जाऊ नका. शेवटी गाडी आपल्याच अंगणात येणार आहे.

आमच्या बडोद्याच्या मराठीत ‘मजा आली’ कमी आणि ‘मजा पडली’ जास्त. गुजरातीच्या शेजाराचा गुण, दुसरं काय. नाटक असो, उंधियू असो की लग्न, सगळ्याला एकच शेरा. माझा भाचा कॉलेजात आहे. त्याला छोट्या छोट्या मंडळींनी बनवलेले, जुन्या धर्तीचे गेम खेळायचा नाद आहे. त्यांना इंडी गेम म्हणतात, म्हणजे मोठ्या कंपनीच्या छत्राखाली न बनलेले. विकत घेण्याआधी तो रिव्ह्यू वाचतो, आणि त्याच्या जोडीने गेली काही वर्षं मीही वाचते, खेळतेही. त्यावरून माझं एक मत झालंय. यातली पुष्कळ परीक्षणं ‘मजा पडली’च्या पुढे जातच नाहीत. आणि जातात तेव्हा मार्क गेमला देण्याऐवजी दुसऱ्याच दोन गोष्टींना देतात. एक म्हणजे आपल्या आठवणी, आणि दुसरी म्हणजे दया.

आधी आठवणींचं सांगते. नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं त्यांना ‘टीव्ही गेम’ आठवत असेल. खोका टीव्हीला जोडायचा आणि वर कॅसेट खोचायची. मूळ यंत्र जपानचं, निन्टेंडोचं, १९८३ सालचं. आपल्याकडे आली ती बहुतेक त्याची नक्कल. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा गेम, बंदुकीने बदकं मारायचा गेम. कॅसेटवर लेबल असायचं ‘९९९९ इन वन’, आणि आत तेच पंधरा-वीस गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. परीक्षणाखाली जेव्हा नुसता ‘दहापैकी नऊ’ असा आकडा दिसतो, तेव्हा मला हटकून ते लेबल आठवतं. आकडा मोठा, पण आत काय आहे ते त्यावरून कळत नाही.

आज जे जुन्या धर्तीचे गेम निघतात ते त्या टीव्ही गेमसारखे दिसतात. ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं, मोजके रंग, पीं-पीं संगीत. आणि परीक्षण लिहिणारा साधारण माझ्याच वयाचा. ते चित्र दिसलं की तो विरघळतो. “बालपण परत मिळालं” असं लिहितो आणि मार्क देऊन मोकळा होतो. अहो, बालपण तुमचं होतं, ते गेममध्ये नाही. एकोणीस वर्षांच्या माझ्या भाच्याचं बालपण तर वेगळंच होतं. त्याने हे परीक्षण वाचून काय समजायचं?

खरं बघायला हवं ते हे की त्या जुन्या धर्तीतलं काय ठेवलंय, काय टाकलंय, आणि का. ‘शोव्हेल नाइट’चं उदाहरण घ्या. यॉट क्लब गेम्स या छोट्या चमूने लोकांकडून वर्गणी काढून तो बनवला, २०१४ साली आला. फावडं घेऊन लढणारा एक शिलेदार, बस्स. बघितलात तर शपथेवर म्हणाल की हा त्या जुन्या खोक्यावरचाच गेम. पण तसा तो नाही. जुन्या यंत्राला एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त हलते तुकडे दाखवता येत नसत, म्हणून गर्दी झाली की चित्रं लुकलुकायची. ‘शोव्हेल नाइट’ने ते लुकलुकणं सरळ काढून टाकलं. पडदा रुंद केला. मूळ रंगपेटीत नसलेले थोडे रंगही घेतले. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ‘तीन जीव संपले, आता पहिल्यापासून’ हा जाच काढला. तिथे मेलात तर तुमचं थोडं सोनं तिथेच सांडतं, परत जाऊन ते गोळा करता येतं. वाटेत जिथून पुन्हा सुरुवात होते ते दिवे तुम्ही स्वतः फोडू शकता. फोडलात तर खजिना मिळतो, पण मग मेल्यावर मागे जावं लागतं. म्हणजे कठीणपणा किती हवा हे खेळणाऱ्यानेच ठरवायचं. ही डोक्याने केलेली निवड आहे. ‘बालपण परत मिळालं’ म्हणणाऱ्या परीक्षणात ती कुठेच दिसत नाही.

याच्या उलट टोकाचं उदाहरण ‘मेगा मॅन ९’ हा २००८ सालचा गेम. तो इंडी नाही, मोठ्या कंपनीचा आहे, पण मुद्दाम जुन्या थाटात केलेला. त्यात एक बटण ठेवलंय, ते चालू केलं की जुन्या यंत्राचं लुकलुकणं परत येतं! यंत्राची अडचण होती, ती आता हौस झाली. हौसेला माझी हरकत नाही. पण अडचण कुठली आणि सौंदर्य कुठलं, हे वेगळं करून सांगणं हेच तर समीक्षकाचं काम.

दुसरा तसाच घोळ कठीणपणाचा. “जुने गेम कठीण होते, म्हणून खरे होते” हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता हसू येतं. लहानपणी आमच्याकडे दांडिया बाजाराच्या बाजूला गेम पार्लर होतं, नाणं टाकून खेळायचं. तिथल्या गेमना कठीण असणं भागच होतं. तुम्ही लवकर मेला नाहीत तर पुढचं नाणं पडणार कसं? घरातल्या कॅसेटचंही तेच. जागा इवलीशी, म्हणून गेम छोटा, मग तो आठवडाभर पुरवायचा तर कठीण करा. हा गल्ल्याचा आणि जागेचा हिशेब होता.

‘सेलेस्ट’ हा २०१८ सालचा गेम हेच फार चांगलं समजून बसलाय. मूळ छोटी आवृत्ती दोघांनी चार दिवसांत केली होती, पुढे तिचा पूर्ण गेम झाला. मॅडेलिन नावाची मुलगी मनातल्या भीतीशी झगडत डोंगर चढते. अतिशय कठीण आहे, मी शेकड्यांनी मेले. पण मेल्यावर क्षणात पुन्हा तिथेच उभी. आणि आत लपवलेल्या सवलती बघा. कड्यावरून पाय निसटल्यानंतरही एखादा क्षणांश उडी मारता येते. डोकं कोपऱ्याला किंचित आपटलं तर गेमच तुम्हाला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. खेळताना हे दिसत नाही, फक्त ‘आपल्याला जमतंय’ असं वाटतं. शिवाय ज्याला हात चालवणं अवघड आहे त्याच्यासाठी वेग कमी करायची, न मरण्याची सोयही उघडपणे दिली आहे. कठीण असणं आणि कठोर असणं यातला फरक या गेमने दाखवला. परीक्षणात मला हे वाचायचंय. ‘अत्यंत चॅलेंजिंग’ एवढ्याने माझं समाधान होत नाही.

आता दयेच्या मार्कांकडे येते. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम एरिक बॅरोन नावाच्या एका माणसाने चारहून अधिक वर्षं खपून एकट्याने केला. चित्रं, संगीत, लिखाण, सगळं. २०१६ साली आला आणि जगभर गाजला. बहुतेक परीक्षणं इथूनच सुरू होतात, “एकट्याने केलाय बरं का!” मान्य, कौतुक आहेच. पण ती माहिती झाली, तो गुण नव्हे. गुण सांगायचे तर सांगण्यासारखं पुष्कळ आहे. गेममधला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा, त्यात पाणी घालायचं, मासे धरायचे, गावात कोणाच्या घरी जायचं, काय निवडाल? ती ओढाताण फार गोड जमली आहे. आणि दोष? सुरुवातीला एकेका रोपाला हाताने पाणी घालून कंटाळा येतो, फवारे मिळेपर्यंत तसंच चालतं. शिवाय झोपल्याशिवाय गेम सेव्ह होत नाही. म्हणजे घरात “ताट वाढलंय, ये” अशी हाक आली की अर्धा दिवस पाण्यात. हे ज्याने लिहिलं त्याने बॅरोनचा अपमान केला नाही, उलट त्याचं काम मनावर घेऊन पाहिलं.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या कंपनीने २०२० साली ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा गेम काढला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी राजी नावाची मुलगी, गोष्ट सांगायला साक्षात दुर्गा आणि विष्णू, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण लढाई अडखळती होती, काही तासांत गेम संपायचा आणि शेवट अर्ध्यावर सोडल्यासारखा. बाहेरच्या काही परीक्षकांनी हे स्पष्ट लिहिलं. आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मात्र एकच सूर, “आपल्या मातीतला गेम आहे, नावं काय ठेवता?” २०२२ साली त्याच मंडळींनी सुधारलेली आवृत्ती आणली, त्यात लढाईवर पुन्हा काम केलं आणि हिंदी संवाद घातले. मला सांगा, त्यांच्या उपयोगी कोण पडलं असेल? “नावं काय ठेवता” म्हणणारे, की “लढाई अडखळते” म्हणणारे?

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. मोठ्या कंपनीला वाईट रिव्ह्यूने फारसं काही होत नाही, पण दोघातिघांच्या चमूचा एकच गेम असतो, तो पडला की घर बसतं. मग थोडं सांभाळून घेतलं तर काय बिघडलं? माझं म्हणणं, सांभाळा ना, पण भाषेत सांभाळा, सत्यात नको. छोट्यांच्या गेमची किंमत बघा, त्यांनी काय करायला घेतलं होतं ते बघा, आणि त्या मापाने मोजा. मोठ्या कंपनीच्या झगमगाटाशी तुलना करणं हा अन्यायच. पण दोष गिळून टाकलात तर दोन माणसं फसतात. एक खिशातले पैसे घालणारा भाचा, आणि दुसरा तो बनवणारा, ज्याला पुढच्या वेळी काय सुधारायचं ते कळतच नाही.

आणि आता आपलं अंगण. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांना हे दोन्ही रोग चांगलेच माहीत आहेत. आमच्याकडे मंडळाचं नाटक झालं की सगळे म्हणतात, “छान झालं.” का, तर इतक्या लांब राहून मराठीत नाटक करतात हेच खूप. हे दयेचे मार्क. आणि कोणी नवीन काही करायला गेलं की “महाराजांच्या काळचं बडोदं राहिलं नाही” हा सुस्कारा. हे आठवणींचे मार्क. सयाजीरावांच्या काळाचा अभिमान मलाही आहे. पण त्या माणसाने शाळा काढल्या, ग्रंथालयं काढली, म्हणजे त्यांच्या काळात ते नवंच करत होते. त्यांच्या नावाने आपण नव्याला नाक मुरडावं, हे काही बरोबर नाही.

आमच्या मंडळात दोन वर्षांपूर्वी तरुण मुलांनी एक एकांकिका केली. नेहमीप्रमाणे “छान झालं”चा पाऊस पडला. पुढल्या वर्षी ती मुलं आलीच नाहीत. मी त्यातल्या एकीला विचारलं तर म्हणाली, “ताई, कोणी नीट बघितलंच नाही. दुसरा प्रवेश फसला होता, आम्हाला माहीत होतं. एकानेही म्हटलं नाही.” ही पोरगी अपमानामुळे दुरावली नाही, तर कौतुकामुळे दुरावली. खोट्या कौतुकात बेपर्वाई असते, आणि ती मुलांना बरोबर कळते.

म्हणून म्हणते, गेमचं परीक्षण ही क्षुल्लक गोष्ट समजू नका. आपल्या घरातली मुलं आज ज्या कलाप्रकारात सर्वांत जास्त वेळ घालवतात, त्याबद्दल त्यांना नीट बोलता आलं, जुनं आणि चांगलं यातला फरक करता आला, तर तीच नजर ती नाटकाला लावतील, गाण्याला लावतील, आपल्या भाषेलाही लावतील. आणि ही चर्चा मराठीत होऊ शकते. ‘उडीचा अंदाज’, ‘हाताला बसणं’, ‘डाव उलटणं’, शब्द आहेत आपल्याकडे, वापरायचा अवकाश.

तेव्हा एक विनंती. घरातल्या मुलाला किंवा मुलीला सांगा, आवडलेल्या एका गेमबद्दल मराठीत दहा ओळी लिही. अट एकच, ‘मजा पडली’ हे शब्द वापरायचे नाहीत. काय जमलंय, काय फसलंय, आणि तू बनवला असतास तर काय बदललं असतंस, एवढंच. इंदूर, बेळगाव, ग्वाल्हेर, हैदराबाद, जिथे असाल तिथून खाली टाका. मी प्रत्येक वाचेन, आणि नुसतं “छान” म्हणून सोडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.