विश्लेषण : गरोदरपणात वजन किती वाढायला हवे? गरीब घरातील तरुण मातांचे गणित कुठे बिघडते?

बाळंतपणानंतर सुटलेले वजन कमी कसे करावे, याचे व्हिडीओ मोबाइलवर शेकड्याने सापडतात. मेळघाटातील किंवा उसाच्या फडावरील विशीतल्या अनेक मातांचा प्रश्न नेमका उलटा आहे. गरोदरपणात वजन पुरेसे वाढत नाही आणि बाळ अंगावर पीत असताना ते आणखी उतरते.

किती वाढ अपेक्षित?

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचे २००९ चे निकष अनेक देशांत वापरले जातात. बीएमआय १८.५ ते २४.९ असेल तर ११.५ ते १६ किलो, १८.५ पेक्षा कमी असेल तर १२.५ ते १८ किलो. थोडक्यात, जी बारीक तिचे वजन अधिक वाढायला हवे. यात बाळ साधारण तीन किलोचे. बाकी वार, गर्भजल, वाढलेले रक्त, गर्भाशय आणि अंगावर साठलेली चरबी. ही चरबी म्हणजे स्तनपानासाठीची शिल्लक.

प्रत्यक्षात काय होते?

डायन कॉफी यांच्या २०१५ मधील अभ्यासानुसार, भारतात गर्भधारणेच्या वेळीच ४२.२ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या होत्या आणि गरोदरपणातील वाढ जेमतेम सात किलो होती. तो अभ्यास जुन्या आकडेवारीवर होता, पण प्रश्न संपलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील २०.८ टक्के स्त्रियांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी आहे. २० ते २४ वर्षांच्या २१.९ टक्के मुलींचे लग्न अठराव्या वर्षाआधीच झाले होते. अशा मुलीचे स्वतःचे शरीरच अजून वाढत असते. त्यात ‘जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल, बाळंतपण अडेल’ ही समजूत.

नोंद कुठे हुकते?

पहिले वजन पाचव्या महिन्यात ४२ किलो भरले, तर सुरुवात ४१ वर होती की ३९ वर, हे कार्ड सांगू शकत नाही. ऊसतोड जोडप्यांचे आणखी वेगळे. दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की गावची अंगणवाडी, तिथला काटा आणि आशाताई सहा महिने मागे राहतात.

अमृत आहार योजनेचे काय?

आदिवासी भागात २०१५ पासून ही योजना आहे. शेवटच्या तिमाहीत आणि प्रसूतीनंतर काही महिने अंगणवाडीत एक वेळचे ताजे जेवण मिळते. घरी नेलेले पाकीट सगळ्यांत वाटले जाते, ताटातले जेवण बाईच्या पोटात जाते. योजनेचे खरे बळ तेच. मात्र शेवटची तिमाही ही उशिराची सुरुवात आहे.

प्रसूतीनंतर तर काट्यावर बाळच चढते, आईकडे कोणी फारसे पाहत नाही. वास्तविक आयसीएमआरच्या शिफारशीनुसार गरोदरपणात रोज ३५० उष्मांक जादा लागतात, तर स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत ६००. ही भर पडली नाही आणि वर्षभरातच पुन्हा दिवस गेले, तर दुसऱ्या खेपेचे पहिले वजन पहिल्या खेपेपेक्षाही कमी भरू शकते.